धान्यकोठारातील बिऱ्हाड : अमेरिकेतील ‘बार्न’ घरे आणि त्यांचे अर्थकारण

अमेरिकेच्या ग्रामीण भागाचे चित्र डोळ्यांसमोर आणावयास सांगितले, तर बहुतेकांच्या मनात मक्याचे अथांग शेत आणि त्याच्या कडेला उभी असलेली तांबडी, उंच छपराची इमारत येते. ती इमारत म्हणजे ‘बार्न’. मराठीत तिला एकच प्रतिशब्द देणे अवघड आहे. आपल्याकडे गोठा निराळा, धान्याचे कोठार निराळे, खळे उघड्यावर आणि कडब्याची गंजी घराच्या मागे. ज्या प्रदेशात हिवाळ्याचे कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते, तेथे शेतकऱ्याने या चारही गोष्टी एका छपराखाली आणल्या. खाली गुरे, वर गवत, मध्ये मळणीची लाकडी भुई आणि बाजूला धान्याचे कप्पे.

अशा इमारतीच्या धर्तीवर राहते घर बांधण्याची हौस गेल्या काही दशकांत अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुलानातवंडांकडून हा शब्द ऐकलेले वाचकही आता कमी नसतील. ‘शिकूनसवरून गोठ्यात राहावयास निघाला’ अशी थट्टा क्षणभर बाजूला ठेवून हे घर उभे कसे राहते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्यास कर्ज कसे मिळते, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम मूळ इमारतीविषयी. पेनसिल्व्हानियातील जर्मन भाषिक वसाहतकऱ्यांनी बांधलेला बार्न टेकडीच्या उतारात रोवलेला असे. चढाच्या बाजूने गाडी थेट वरच्या मजल्यावर जाई आणि उताराच्या बाजूने खालच्या मजल्यावरील गुरे बाहेर पडत. त्यास इंग्रजीत ‘बँक बार्न’ म्हणतात. येथे ‘बँक’ म्हणजे उतार अथवा काठ, आपली बँक नव्हे, हे सांगितलेले बरे. पुढे छपराच्या प्रत्येक बाजूस दोन उतार देण्याची रीत पसरली. खालचा उतार उभा, वरचा पसरट. यामुळे भिंतींची उंची न वाढविता माळ्यावर कितीतरी अधिक गवत मावू लागले. आज ज्या आकारास लोक ‘बार्नचे छप्पर’ म्हणून ओळखतात, तो जन्मास आला गवताच्या हिशेबातून. तांबड्या रंगाचे मूळही असेच साधे. जवसाच्या तेलात लोहाचा गंज किंवा लोहयुक्त माती कालवून लाकडास लावीत. आपल्याकडची गेरू आणि काव ही त्याच कुळातली.

सांगाडा मात्र खरोखर कौशल्याचा. जाड खांब आणि तुळया यांचे सांधे लोखंडाशिवाय जुळविले जात. एका लाकडास खाच, दुसऱ्यास तिच्यात नेमके बसणारे कुसू, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली ओकची खुंटी. इमारतीच्या रुंदीएवढी एकेक चौकट जमिनीवर आडवी जुळवीत आणि मग पंचक्रोशीतील माणसे गोळा होऊन ती दोर आणि बांबूसारख्या लांब काठ्यांच्या आधाराने उभी करीत. मोबदला जेवणाचा. आज माझा बार्न, उद्या तुझा. आमिश पंथाच्या वस्त्यांत ही प्रथा अद्यापही चालू आहे. आपल्याकडील इर्जिक ज्यांनी पाहिली आहे, त्यांस यात नवल वाटणार नाही. कर्जाविना भांडवल उभारण्याचा हा प्रकार होता असे मला वाटते, कारण ज्यास पैशाची उसनवार करता येत नाही तो श्रमाची उसनवार करतो.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात शिकागोच्या परिसरात बारीक, कातीव लाकडे स्वस्त खिळ्यांनी जोडून घरे बांधण्याची पद्धत सुरू झाली आणि खाच-कुशाची सुतारकी मागे पडत गेली. १९७० च्या दशकात काही हौशी आणि व्यासंगी सुतारांनी जुने बार्न उकलून, सांधे अभ्यासून ती पुन्हा जिवंत केली. आज या पद्धतीने राहती घरे बांधणाऱ्या कार्यशाळा अमेरिकेच्या अनेक राज्यांत आहेत. लाकूड तेथेच कापून, सांधे पारखून, क्रमांक घालून ते जागेवर नेले जाते आणि सांगाडा थोड्या दिवसांत उभा राहतो. फरक इतकाच, की गावकऱ्यांची जागा क्रेनने घेतली आहे.

दुसरा प्रवाह अगदी निराळा. १९३० च्या दशकातील मंदीत शेतकऱ्याजवळ पैसा नव्हता. त्या काळी शेतीव्यवस्थापनाचा व्यवसाय करणारे एच. हॉवर्ड डोन आणि त्यांचे सहकारी बर्नन पर्किन्स यांनी पाया आणि भिंती यांचा खर्चच टाळणारी बांधणी पुढे आणली. औषध मुरविलेले लाकडी खांब थेट जमिनीत पुरावयाचे, त्यांना आडव्या पट्ट्या ठोकावयाच्या, वर कैच्या बसवून पत्रे घालावयाचे. भार सर्व खांबांवर असल्याने आतील भिंतींवर काहीच बोजा नसतो, आणि हवी तशी मोकळी जागा मिळते. अमेरिकेतील शेतांवर आज दिसणाऱ्या असंख्य पत्र्याच्या शेडी या जातीच्या आहेत. लाकडी खांबांऐवजी पोलादी चौकट वापरणारी आवृत्तीही आहे. ‘बार्नडोमिनियम’ हा विचित्र शब्द १९८९ मध्ये कनेक्टिकट राज्यातील एका विकसकाने घोड्यांच्या तबेल्यांसह बांधावयाच्या घरांसाठी योजला. पुढे टेक्सासात, एकाच छपराखाली घर आणि कार्यशाळा असलेल्या पत्र्याच्या इमारतीस तो चिकटला, आणि २०१६ मध्ये एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेने तो देशभर पोहोचविला.

तिसरा मार्ग म्हणजे जुनाच बार्न विकत घेऊन त्याचे घर करणे, किंवा त्याचा सांगाडा उकलून दुसरीकडे उभारणे. २००७ च्या अमेरिकी कृषिगणनेत सुमारे साडेसहा लाख शेतांवर १९६० पूर्वीचे बार्न असल्याची नोंद आहे. त्यांतील बरेच पडीक आहेत. दिसावयास हा मार्ग सर्वांत रम्य, परंतु माझ्या मते नवख्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. कीड, कुजलेले पायथे, गुरांच्या मूत्राने शतकभर भिजलेली लाकडे, आणि आजच्या नियमांत न बसणारा पाया, यांचा खर्च आधी सांगणारा माणूस मिळणे कठीण. आणि ज्या खर्चाचा अंदाज देता येत नाही, त्यास कर्ज देण्यास कोणतीही बँक नाखूश असते.

गुरांची ऊब आणि माणसांची ऊब

गुरांच्या इमारतीत माणसांनी राहावयाचे म्हटले की पहिला प्रश्न थंडीचा. मूळ बार्नच्या फळ्यांतून मुद्दाम वारा खेळू देत, कारण ओले गवत कोंडले तर कुजते आणि प्रसंगी आपोआप पेटते. घरात हाच वारा शत्रू. त्यातून छपरापर्यंत मोकळी ठेवलेली उंच बैठकीची खोली हे या घराचे मुख्य आकर्षण. गरम हवा वर चढते, माळ्यावर जाऊन बसते आणि एखादी फट मिळाली की निघून जाते. खाली बसलेला माणूस मात्र शाल पांघरतो आणि इंधनाचे बिल भरतो.

लाकडी सांगाड्याच्या घरांत यावर चांगला तोडगा निघाला. दोन लाकडी तक्त्यांमध्ये जाड फोम भरलेले मोठे फलक तयार मिळतात. ते सांगाड्याच्या बाहेरून, दुलईप्रमाणे, भिंतींस आणि छपरास लपेटतात. सांगाडा आत उघडा दिसतो आणि थंडी बाहेर राहते. पत्र्याच्या घरांत वेगळीच अडचण असते. घरातील दमट हवा थंड पत्र्यास लागली, की आतल्या अंगास पाणी धरते. ते ठिबकते, इन्सुलेशन भिजविते आणि पोलाद गंजविते. म्हणून पत्र्याच्या आतून फवारून बसविलेल्या फोमचा किंवा नीट जोडलेल्या बाष्परोधक थराचा खर्च मूळ अंदाजातच धरावा लागतो. शेड स्वस्त दिसते ती याच्याविना, हे जाहिरातीतील दर वाचताना विसरले जाते.

पायाचेही तसेच. जमिनीतील पाणी गोठले की फुगते आणि वरचे बांधकाम उचलते. त्यामुळे पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात ही खोली ६० इंच, म्हणजे चांगली पाच फूट ठरविलेली आहे. टेक्सासच्या दक्षिणेस ती इंचांतच मोजता येते. एकाच आराखड्याचे घर दोन राज्यांत दोन किमतींना का पडते, याचे निम्मे उत्तर येथे आहे.

लाकडाविषयी एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. जाड तुळया बहुधा ओल्या लाकडातून कापतात. घर राहते झाले, हीटर सुरू झाले, की पहिल्या एकदोन हिवाळ्यांत त्या सुकतात, आकसतात आणि त्यांना लांबलांब भेगा पडतात. रात्री कडाड असा आवाजही होतो. हा दोष नव्हे, लाकडाचा स्वभाव आहे. सांधे कापणारा जाणकार सुतार हे आकसणे आधीच हिशेबात धरतो.

रस्ता, विहीर, मैला

खेड्यातील जमीन स्वस्त असते, कारण तिच्यावर काहीच नसते. हे वाक्य कोणत्याही देशात खरे ठरावे. अमेरिकेतील सुमारे एकपंचमांश घरांचा मैला सार्वजनिक गटारात जात नाही. तो घराच्या आवारातील टाकीत आणि तेथून जमिनीत मुरविला जातो. यासाठी जमिनीत पाणी किती वेगाने मुरते याची चाचणी घेतात. माती चिकण असेल, खडक वर असेल किंवा भूजल उथळ असेल, तर परवानगी मिळत नाही किंवा अतिशय महाग व्यवस्था करावी लागते. शयनगृहांची संख्यासुद्धा या टाकीच्या क्षमतेवर ठरते. त्याखेरीज पिण्याच्या पाण्याची कूपनलिका, विजेचे खांब, आणि जड ट्रक घरापर्यंत येईल असा रस्ता. सांगाडा वाहून आणणारी गाडी आणि क्रेन चिखलात रुतली, तर दिवसाचे भाडे मालकाच्या माथी बसते. म्हणून जमिनीच्या खरेदीकरारात, ‘मुरण्याची चाचणी समाधानकारक झाल्यास’ अशी अट घालण्याची पद्धत आहे. ती अट सोडून केलेली खरेदी म्हणजे पुढील सर्व खर्च डोळे मिटून पत्करणे होय.

कायद्याची एक मेख येथेच सांगितली पाहिजे. अमेरिकेतील अनेक राज्यांत शेतीच्या वापराच्या इमारतींस बांधकाम नियमांतून सूट आहे. ती पाहून ‘आधी शेड म्हणून बांधू, मागाहून राहावयास जाऊ’ असा विचार करणारे असतात. परंतु इमारतीत माणूस राहणार म्हटले, की राहत्या घराचे सर्व नियम लागू होतात : खिडकीतून सुटकेची वाट, धुराची सूचना देणारी यंत्रे, जिन्याच्या पायऱ्यांचे माप, उष्णतारोधन, सर्व काही. नियमपुस्तिकेतील तयार कोष्टके नेहमीच्या बारीक लाकडाच्या घरांसाठी असतात. त्यामुळे खांबांच्या किंवा जाड तुळयांच्या घरास अभियंत्याने स्वतंत्र गणित करून सही केलेले आराखडे द्यावे लागतात. बर्फाचा भार, वाऱ्याचा जोर, सर्व त्यात आले. हा खर्च वाचविता येत नाही, आणि बांधकाम पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या वास्तव्य प्रमाणपत्राविना बँक शेवटचा हप्ता सोडीत नाही.

बँकेच्या नजरेतून

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तयार घरास कर्ज देताना बँकेसमोर तारण उभे असते. बांधावयाच्या घरास कर्ज देताना समोर असतात कागद, एक कंत्राटदार आणि एक आशा. म्हणून पैसे एकरकमी न देता बांधकामाच्या प्रगतीनुसार देतात. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये गृहकर्जाचे वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी घट्ट निगडित ठेवण्याची सूचना बँकांस दिली, ती याच कारणाने. अमेरिकेत बँकेचा निरीक्षक जागेवर येऊन काम पाहतो आणि मगच पुढील उचल मिळते. व्याज केवळ उचललेल्या रकमेवर लागते आणि बांधकाम चालू असेतो फक्त व्याजच भरावयाचे असते.

नेहमीच्या घरास ही रचना ठीक बसते. बार्न-घरास ती बसत नाही, आणि खरी ओढाताण येथे होते. सांगाडा कार्यशाळेत कापला जातो. कार्यशाळा लाकूड खरेदी करण्यापूर्वीच आगाऊ रक्कम मागते, आणि सांगाडा गाडीत चढण्यापूर्वी बहुतेक उरलेली. पोलादी संच विकणाऱ्यांचेही तसेच. परंतु बँकेच्या दृष्टीने जे लाकूड अजून जागेवर उभे नाही, दुसऱ्याच्या शेडमध्ये पडले आहे, ते तारण नव्हे. उद्या ती कार्यशाळा बुडाली तर बँकेच्या हाती काय? म्हणून बँक पैसे देते ते सांगाडा उभा राहिल्यावर. मधल्या काळातील मोठी रक्कम मालकाने स्वतःच्या खिशातून भरावी लागते. ज्याने आपली सर्व बचत जमिनीत घातली आहे, तो येथे अडकतो. यावर उपाय म्हणजे करार करण्यापूर्वी कार्यशाळेचे वेळापत्रक आणि बँकेचे उचलीचे वेळापत्रक शेजारीशेजारी ठेवून पाहणे. काही बँका विमा आणि मालकीचे कागद घेऊन कार्यशाळेतील मालावर रक्कम देतात, मात्र ते आधी ठरवून घ्यावे लागते.

दुसरी अडचण मूल्यांकनाची. मूल्यांकक कागदावरील घराची, ते पूर्ण झाले असे मानून, किंमत ठरवितो. त्यासाठी आसपास अलीकडे विकल्या गेलेल्या किमान तीन तुलनीय घरांचे दाखले घ्यावे लागतात. खेड्यात मुळात विक्री कमी. त्यांत ओकच्या तुळयांचे घर एखादेही सापडणे दुरापास्त. मग जवळच्या साध्या घरांशी तुलना होते, आणि हातकामाच्या सांध्यांसाठी मोजलेले पैसे किमतीत उतरत नाहीत. घरास जोडलेली मोठी कार्यशाळाही राहत्या जागेच्या भावाने मोजली जात नाही.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहू. जमीन ८०,००० डॉलर आणि बांधकाम ४,२०,००० डॉलर, असा एकूण खर्च ५,००,००० डॉलर धरा. बँक ८० टक्के देणार, म्हणजे आपले १,००,००० डॉलर पुरतील असे मालकाने गृहीत धरले. मूल्यांकन आले ४,४०,००० डॉलर. बँक खर्च आणि मूल्य यांपैकी जी रक्कम कमी, तिच्यावर टक्केवारी लावते. म्हणून कर्ज ३,५२,००० डॉलर आणि मालकाचा हिस्सा १,४८,००० डॉलर. एका कागदाने ४८,००० डॉलरचा खड्डा पडला. त्यात बांधकामाच्या काळातील व्याज मिळवावे. व्याजदर ७ टक्के, मुदत दहा महिने आणि सरासरीने निम्मी रक्कम उचललेली, असे धरल्यास ते सुमारे १०,००० डॉलर होते. आकस्मिक खर्चासाठी राखून ठेवावयाची रक्कम निराळीच.

तिसरी बाब व्याजदराची. बांधकामाचे कर्ज एक आणि नंतरचे दीर्घ मुदतीचे कर्ज दुसरे, अशा दोन व्यवहारांत काम केले, तर मधल्या काळात दर बदलण्याचा धोका मालकावर असतो. अमेरिकेत तीस वर्षांचे, स्थिर दराचे गृहकर्ज रूढ आहे. फ्रेडी मॅक या संस्थेच्या साप्ताहिक पाहणीनुसार त्याचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के इतका खाली होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्क्यांवर गेला. वरील ३,५२,००० डॉलरच्या कर्जास पहिल्या दराने मासिक हप्ता सुमारे १,४२० डॉलर पडतो आणि दुसऱ्या दराने सुमारे २,५३० डॉलर. लाकूड तेच, घर तेच. म्हणून जेथे मिळेल तेथे एकाच दस्तऐवजात दोन्ही टप्पे बांधणारे कर्ज घ्यावे. त्याचा सुरुवातीचा दर किंचित जास्त असला तरी माझा कल त्याच्याकडे राहील.

लाकडाच्या भावानेही या काळात मोठी झेप घेतली. मे २०२१ मध्ये कातीव लाकडाचे वायदे हजार बोर्डफुटांस १,६०० डॉलरच्या वर गेले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ६०० च्या खाली आले. ‘प्रत्यक्ष खर्च अधिक ठरावीक टक्के’ अशा करारावर सही केलेल्यांनी तो वसंत विसरणे शक्य नाही. कंत्राटदारास असा करार आवडतो. बँकेस ठरलेल्या एकूण रकमेचा करार आवडतो, आणि या बाबतीत बँकेचे आणि ग्राहकाचे हित एकच आहे.

चौथा धोका आपल्याकडील वाचकांस अपरिचित वाटेल. अमेरिकेच्या राज्यांत घरावर काम केलेल्या सुताराचे, प्लंबरचे किंवा मालपुरवठादाराचे पैसे थकले, तर त्यास त्या घरावरच धारणाधिकार नोंदविता येतो. मालकाने मुख्य कंत्राटदारास पूर्ण पैसे दिले असले, आणि कंत्राटदाराने ते पुढे पोहोचविले नसले, तरीही. एकाच कामाचे पैसे दोनदा भरण्याची वेळ येते ती अशी. म्हणून प्रत्येक हप्त्याबरोबर, ‘आमचे येणे मिळाले, धारणाधिकार सोडला’ असे पत्र प्रत्येक उपकंत्राटदाराकडून घेतात. टेक्सासात तर मालकाने कामाच्या रकमेपैकी १० टक्के रक्कम काम संपल्यानंतर ३० दिवसांपर्यंत राखून ठेवावी, असा कायदाच आहे. ओळखीचा, गावचा कंत्राटदार आहे म्हणून ही पत्रे मागण्याचा संकोच करणारे लोक तेथेही असतात.

कर्ज देणारे कोण? मोठ्या राष्ट्रव्यापी बँकांपेक्षा गावच्या लहान बँका अशा घरांस अधिक समजून घेतात, कारण त्यांचा अधिकारी ती टेकडी आणि तो रस्ता स्वतः ओळखतो. दुसरी यंत्रणा शेतीकर्जाची सहकारी साखळी, ‘फार्म क्रेडिट’. १९१६ च्या कायद्याने तिची पायाभरणी झाली, आणि तीमागे युरोपातील, विशेषतः जर्मनीतील ग्रामीण पतव्यवस्थेचा अभ्यास होता. आपल्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागेही जर्मनीतील रायफायझन यांच्या पतपेढ्यांचा आदर्श होता, हे सहकाराच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. शेतकरी नसलेल्यासही ही साखळी २,५०० पर्यंत लोकवस्तीच्या गावात घरासाठी कर्ज देऊ शकते. तिसरी योजना अमेरिकी कृषिखात्याच्या हमीची. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबास ग्रामीण भागात घराच्या पूर्ण किमतीइतके, मार्जिनविना कर्ज त्या हमीवर मिळू शकते. मात्र तारण मालमत्ता उत्पन्न देणारी नसावी अशी तिची अट आहे. म्हणजे बार्नसारखे दिसणारे घर चालेल, प्रत्यक्ष व्यवसायाचा बार्न चालणार नाही.

विमा बांधकाम सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. अर्धवट उभा लाकडी सांगाडा आग आणि वारा या दोहोंचे सोपे भक्ष्य असतो. घर अग्निशमन केंद्रापासून किती दूर आणि पाण्याचा स्रोत किती जवळ, यावर पुढील हप्ते ठरतात. जमीन शोधतानाच विमा कंपनीस पत्ता कळवून दर विचारणे शहाणपणाचे.

येथून पैसे पाठविताना

शेवटी आपल्या शाखांतील कामकाजाशी संबंधित भाग. मूल्यांकनाचा खड्डा भरण्यासाठी मुलगा किंवा मुलगी येथील आईवडिलांकडे मदत मागते, तेव्हा ती रक्कम ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’खाली पाठविता येते. २००४ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा २५,००० डॉलर होती. २०१५ पासून ती प्रत्येक निवासी व्यक्तीस दर आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे. आई आणि वडील यांची मर्यादा स्वतंत्र मोजली जाते. पॅन आणि ए-२ अर्ज आवश्यक असतो. पाठविण्याचा हेतू अर्जात लिहिताना भेट की स्वतःच्या नावे स्थावर मालमत्तेची खरेदी, हे स्पष्ट असावे. आईवडिलांचे नाव घरात सहमालक म्हणून लागणार असेल, तर त्यांस आपल्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दरवर्षी ती दाखवावी लागते.

१ एप्रिल २०२५ पासून अशा रकमांवर आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत उगमस्थानी करसंकलन होत नाही. त्यापलीकडील रकमेवर, भेट किंवा घर या हेतूंसाठी, ते २० टक्के झाले. हा जादा कर नव्हे. तो विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. परंतु तोपर्यंत रोख रक्कम अडकून राहते. ४८,००० डॉलर पाठवावयाचे असतील तर संकलनासाठी खात्यात वेगळी, भरीव शिल्लक लागते, आणि ती हिशेबात न धरल्याने ऐन वेळी धावपळ होते. दोघांच्या नावे, किंवा मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये अशी दोन आर्थिक वर्षांत विभागून रक्कम पाठविल्यास प्रत्येकाची १० लाखांची सूट प्रत्येक वर्षी स्वतंत्र मिळते.

पलीकडे दोन कागद लागतात. अमेरिकी बँक, ही रक्कम भेट आहे, परत करावयाची नाही, असे देणाऱ्याच्या सहीचे पत्र मागते आणि देणाऱ्याच्या खात्याचा उताराही पाहते. तसेच परदेशी व्यक्तींकडून वर्षात १,००,००० डॉलरपेक्षा अधिक भेट मिळाल्यास, तेथील करदात्या मुलास ‘फॉर्म ३५२०’ भरून ती कळवावी लागते. आईवडिलांनी दिलेल्या रकमा यासाठी एकत्र धरल्या जातात. त्यावर त्यास कर नसतो, पण न कळविल्यास दंड जबर असतो. हे पत्र आणि खात्याचा उतारा कर्जाच्या अर्जाबरोबरच द्यावा, आणि रक्कम कार्यशाळेस पहिली आगाऊ देण्याच्या तारखेपूर्वी मुलाच्या खात्यात जमा झालेली असावी.